सियोंच्या गल्ल्यांतली चालक नसलेली बस: चालकाची कामं गेली कुठे?

स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले प्रांताची राजधानी सियों. वस्ती २०१६ मध्ये सुमारे चौतीस हजार. गावाला लागून दोन टेकड्या, एकीवर व्हालेरचं चर्च, दुसरीवर तूर्बियों किल्ल्याचे पडके तट. पायथ्याशी जुनं गाव: दगडी घरं, अरुंद गल्ल्या, कॅफेंच्या दारात मांडलेल्या टेबलखुर्च्या. दर शुक्रवारी इथे बाजार भरतो. २३ जून २०१६ पासून याच भागात चालक नसलेल्या दोन छोट्या बस प्रवासी घेऊन फिरू लागल्या. मार्ग सुमारे दीड किलोमीटरचा, तिकीट नाही, वेग ताशी २० किलोमीटरच्या आत आणि एका बसमध्ये ११ माणसं. सेवा चालवणारी पोस्टऑटो ही स्विस टपाल खात्याची बस कंपनी. सोबत नगरपालिका, प्रांत सरकार, लोझानची ईपीएफएल ही तंत्रशिक्षण संस्था आणि एका फ्रेंच कंपनीची वाहनं.

बंद आवारातल्या चाचण्या तोवर बऱ्याच ठिकाणी झाल्या होत्या. माणसं चालतात, सामान उतरतं, मुलं खेळतात अशा जुन्या गावात रोजची प्रवासी सेवा म्हणून चालवलेल्या जगातल्या पहिल्या काही प्रयोगांत सियोंचा नंबर लागतो. म्हणून छोटी स्वयंचलित वाहनं पादचारी भागात आणायचा विचार करणाऱ्या कुठल्याही नगरपालिकेने हे प्रकरण बारकाईने पाहावं. पाहताना एकच प्रश्न हाताशी ठेवला की पुरतो: बसमधून चालक काढला, तर तो करत असलेली कामं आता कोण करतंय? स्टिअरिंग फिरवणं हे त्यातलं एकच काम. समोरच्या टेम्पोवाल्याच्या नजरेतून तो निघणार की थांबणार हे ओळखणं, गाडी दोन हात मागे घेणं, आजी बसेपर्यंत ब्रेकवरचा पाय न काढणं, पावसात वेग उतरवणं, रस्त्यात ठेवलेली शिडी बाजूला करायला सांगणं, हीसुद्धा त्याचीच कामं. यांपैकी एकही आपोआप नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि कुणाच्या ते आधी ठरवलेलं नसेल तर घोटाळा होतो.

गाडी

गाडी नाव्या या फ्रेंच कंपनीची, आर्मा जातीची, ल्यों शहराला लागून असलेल्या व्हिलर्बानमध्ये बनलेली. लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास, रुंदी दोन मीटरहून थोडी जास्त, रिकामं वजन सुमारे २,४०० किलो. स्टिअरिंग नाही, पेडल नाहीत, पुढचं आणि मागचं टोक सारखंच. बॅटरी ३३ किलोवॅट-तासांची, आणि कंपनीच्या हिशोबाने ती सरासरी ९ तास पुरते. भागाकार केला तर सरासरी खप ३.७ किलोवॅटच्या आसपास येतो. चालण्याच्या गतीपेक्षा जरा जास्त वेगाने सपाटीवर जाणाऱ्या गाडीला ओढायला एवढी वीज लागत नाही. मोठा वाटा हीटर, एसी आणि संगणक खातात. व्हॅलेच्या हिवाळ्यात दर दोन मिनिटांनी दार उघडणाऱ्या डब्यात हीटर चालवायचा, तर उन्हाळ्यातलं वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. दुपारच्या चार्जिंगची वेळ त्यात धरावीच लागते.

परवानगीचा भाग थोडक्यात. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारानुसार चालत्या वाहनाला चालक हवाच होता. मार्च २०१६ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने स्वयंचलित यंत्रणांना वाट करून दिली, अट एवढीच की माणसाला ती यंत्रणा बाजूला सारता किंवा बंद करता आली पाहिजे. सियोंमध्ये तो माणूस म्हणजे प्रत्येक बसमध्ये उभा असलेला अटेंडंट. आधी बंद जागेत चाचण्या, मग संघीय रस्ते कार्यालयाची खास परवानगी, मग प्रवासी, असा क्रम होता. स्विस कायद्यात 'झोन द राँकोंत्र' नावाचा एक प्रकार आहे: ताशी २० किलोमीटरची मर्यादा, पादचाऱ्याला प्राधान्य, आणि खुणा केलेल्या जागेतच पार्किंग. ज्या गावात असा नियम आधीपासून अंगवळणी पडला आहे तिथे हा प्रयोग निम्मा सोपा होतो. नियम नसताना गाडी आणली तर प्राधान्य कुणाचं हा वाद रोज नव्याने घालावा लागतो.

न दिसणारे रूळ

या पिढीची शटल, म्हणजे ठरलेल्या मार्गावर ये-जा करणारी अशी छोटी बस, स्वतःचं डोकं लावून रस्ता शोधते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती आखून दिलेल्या रेषेवरून जाते, ट्रामसारखी. फरक एवढाच की रूळ संगणकात असतात. समोर खुर्ची आली तर ती वळसा घालत नाही. थांबते आणि थांबूनच राहते.

हे रूळ बसवण्याची पद्धत ठरलेली आहे. आधी टेप घेऊन पायी फिरायचं आणि सर्वांत अरुंद जागा मोजायची. गाडीचे २.१ मीटर, एका बाजूला भिंतीपासून अर्धा मीटर, दुसऱ्या बाजूने बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची जाईल असे १.२ मीटर, मिळून ३.८ मीटर. याहून अरुंद तुकडा असेल तर तिथे गाडी आणि माणूस एकाच वेळी मावत नाहीत हे कागदावर लिहून ठेवायचं आणि त्या तुकड्याच्या आधी गाडीची थांबण्याची जागा आखायची. मग गाडी हाताने, अगदी सावकाश, पूर्ण मार्गावर चालवायची. छतावरचे आणि खालचे लायडार त्या वेळी भिंती, खांब, कोपरे यांचा नकाशा टिपतात. लायडार म्हणजे लेझरचा किरण सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारं उपकरण. त्या नकाशावर रेषा आखायची आणि रेषेच्या प्रत्येक तुकड्याला वेग द्यायचा. नाके, थांबे, आणि 'इथे आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचं' अशा जागा चढवायच्या. त्यानंतर खोके आणि पुतळे मध्ये ठेवून चाचण्या, आणि शेवटी प्रवाशांविना काही आठवडे रिकाम्या फेऱ्या. रिकाम्या फेऱ्यांचा काळ कापायचा मोह सगळ्यांना होतो, उद्घाटनाची तारीख आधी जाहीर झालेली असते. पण गावाच्या सवयी कळतात त्या याच फेऱ्यांत: मालाच्या गाड्या किती वाजता येतात, शाळा कधी सुटते, कुठल्या कॅफेची छत्री रेषेत येते.

गाडीला आपण कुठे आहोत हे दोन वाटांनी कळतं. एक उपग्रहाची वाट: जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून सुधारणा घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक. दगडी गल्लीत ही वाट अडते. वरचं आभाळ फुटभर पट्टीएवढं दिसतं, उपग्रह कमी भेटतात, आणि जे भेटतात त्यांचे संकेत भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात, म्हणजे अंतर चुकीचं मोजलं जातं. तिथे दुसरी वाट कामी येते. लायडारला आत्ता दिसणाऱ्या भिंती साठवलेल्या नकाशाशी जुळवायच्या.

ही जुळणी भिंती जागच्या जागी आहेत तोवरच चालते. एका इमारतीला रंगासाठी परांची बांधली की गाडीच्या दृष्टीने भिंत मीटरभर पुढे आली. झाडांची पानं गळली की हिरवी भिंत नाहीशी झाली. बर्फाचे ढीग कडेला लोटले की फुटपाथची कड हरवली. दोन मोठे ट्रक ओळीने उभे राहिले की मागचा ओळखीचा दर्शनी भाग झाकला. जुळणी ठरलेल्या पातळीखाली गेली की गाडी उभी राहते. मग अटेंडंट ती हाताने पुढे काढतो.

इथे चालकाचं एक काम थेट नगरपालिकेकडे जातं: रस्त्याची बदलती अवस्था ओळखणं. ज्या गावात अशी गाडी चालवायची तिथे एक साधी वही लागते. परांची, खोदकाम, मंडप, बाजाराचे गाळे, फांद्यांची छाटणी, रस्त्यात जे काही मांडलं किंवा हलवलं जाणार आहे त्याची नोंद आदल्या दिवशी दुपारपर्यंत बसवाल्यांना पोचली पाहिजे. ती ठेवायला एका विभागातला एक माणूस नावानिशी नेमावा लागतो. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की परांचीची खबर गाडी अडल्यावर कळते.

पाऊस आणि बर्फ यांची अडचण वेगळी. पडणारा थेंब किंवा पापुद्रा लेझरचा किरण परत पाठवतो, आणि गाडीला समोर वस्तू आहे असं वाटतं. चाळणी लावून सुटे ठिपके गाळता येतात, पण चाळणी जाड केली की खरी बारीक वस्तूही गळते. म्हणून जोराच्या पावसात सेवा बंद ठेवण्याची मर्यादा आधीच लिहून ठेवतात. ती अटेंडंटच्या अंदाजावर सोडत नाहीत.

थांबण्याचं गणित

सेन्सरने पाहिलं ते ब्रेक लागला, यात ०.३ सेकंद जातात असं धरू. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५.६ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १.७ मीटर गेले. जोराचा ब्रेक, म्हणजे सेकंदागणिक ४ मीटर प्रतिसेकंदाने वेग उतरवणारा, लावला तर आणखी ३.९ मीटर. एकूण साडेपाच. प्रवाशांना झेपेल असा निम्म्या ताकदीचा ब्रेक लावला तर एकूण ९.४ मीटर. ताशी १० किलोमीटरला हेच आकडे १.८ आणि २.८ मीटर होतात, ताशी ६ ला ०.९ आणि १.२.

कॅफेच्या खुर्चीवरून उठणारा माणूस गाडीच्या रेषेपासून दीड मीटरवर असतो. त्याच्या जवळून २० च्या वेगाने गेलं तर कुठलाही ब्रेक पुरत नाही, सेन्सर कितीही चांगला असो. म्हणून परवानगीच्या कागदावर २० लिहिलं तरी दाट वस्तीच्या तुकड्यांना ६ ते ८ चाच वेग द्यावा लागतो.

जोराचा ब्रेक हा फुकटचा उपाय आहे असं समजू नये. बाहेरचा माणूस वाचतो, आतला पडतो. अमेरिकेत कोलंबस शहरात २० फेब्रुवारी २०२० रोजी अशीच एक शटल, दुसऱ्या कंपनीची, ताशी सुमारे ११ किलोमीटरवरून अचानक थांबली आणि एक प्रवासी सीटवरून खाली पडला. तेवढ्यावरून तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १० राज्यांतल्या १६ शटलमध्ये प्रवासी नेणं थांबवलं. बसचा चालक खांद्यावरून मागे बघतो, उभ्या माणसाने दांडा धरलाय का ते पाहतो आणि मग निघतो. हे काम सीटच्या पट्ट्यांनी, जागोजागी धरायच्या कड्यांनी, उभं राहायला बंदी घालून आणि अटेंडंटच्या आवाजाने भरून काढावं लागतं. खोटे थांबे जितके जास्त, तितके आतले अपघात जास्त. त्यामुळे मांजर, उडती पिशवी आणि कबुतरं यांच्यासाठी गाडी किती जोरात थांबते हा मार्ग बसवताना तासन् तास घालवण्याचा विषय आहे.

वजनाचाही विचार करू. अकरा माणसं बसलेली गाडी सव्वातीन टनांची. २० च्या वेगाला तिच्यात सुमारे ५० किलोजूल ऊर्जा असते, ६ च्या वेगाला साडेचार. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावात एप्रिल २०१८ पासून किराणा पोचवणारे सहा चाकी छोटे रोबो फुटपाथवरून फिरतात. भरलेल्या रोबोचं वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, वेग ताशी ६ किलोमीटर, ऊर्जा फक्त ६३ जूल. तो पायावर आदळला तर लागेल, पण सव्वातीन टनांची आणि त्याची तुलनाच होत नाही. पादचारी भागात माल नेणारी वाहनं माणसं नेणाऱ्यांच्या आधी का रुजली, याचं अर्ध्याहून जास्त उत्तर या आकड्यात आहे. अर्थात रोबोचाही उपद्रव असतो: फुटपाथच्या उताराच्या तोंडाशी तो थांबला की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वर चढता येत नाही आणि त्याला रस्त्यातच उभं राहावं लागतं.

२१ सप्टेंबर २०१६

सेवा सुरू होऊन तीन महिने होत आले होते. त्या दिवशी शटल एका थांबलेल्या व्हॅनच्या उघड्या मागच्या दाराला जाऊन धडकली. कुणाला लागलं नाही, नुकसान झालं ते गाडीचं. प्रयोग थांबवला, तपासणी झाली, आणि नंतर फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

घटना छोटी, पण तिची भूमिती प्रत्येक आखणी करणाऱ्याने कागदावर काढून पाहावी. अशा शटलचे खालचे लायडार एकाच आडव्या पातळीत, गुडघ्याच्या उंचीला, पाहतात. माणसाचे पाय, चाकं, खांब, कुंड्या त्यांना नीट दिसतात. छतावर त्या काळी सर्रास वापरला जाणारा १६ किरणांचा लायडार घ्या: किरण आडव्या रेषेच्या वर १५ अंश आणि खाली १५ अंश पसरलेले. तो अडीच मीटर उंचीवर सरळ बसवला असेल, तर सर्वांत खालचा किरण जमिनीला टेकतो तो साधारण नऊ मीटर पुढे. पाच मीटरवर तो जमिनीपासून १.१६ मीटर उंच असतो, दोन मीटरवर १.९६ मीटर. म्हणजे गाडीपासून दोन मीटरवर, गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली, असा दीड मीटरचा पट्टा उरतो जिथे दोन्हींपैकी एकही किरण जात नाही. तो पट्टा भरायला कॅमेरे आणि जास्तीचे सेन्सर लागतात. आता छातीच्या उंचीला बाहेर आलेलं दार, फाळका, ट्रकची सामान चढवायची फळी किंवा टपावरून पुढे आलेली शिडी आठवा. लांबून ती दिसू शकते. पण गाडी जवळ आलेली असताना कुणी दार उघडलं, तर ते थेट आंधळ्या पट्ट्यात उघडतं.

आपल्याकडे टेम्पोबाहेर आलेल्या सळयांना लाल फडकं बांधतात. ते फडकं चालकाच्या डोळ्यांसाठी असतं. लायडारला लाल रंग कळत नाही, त्याला अंतर कळतं. आणि सळईचं टोक, टोकाकडून पाहिलं तर, अंगठ्याएवढं असतं.

उपाय तीन पातळ्यांवर करायचे असतात आणि तिन्ही लागतात. गाडीवर: मधली उंची झाकणारे सेन्सर, आणि थांबलेल्या वाहनाजवळून जाताना बाजूचं अंतर वाढवणं. नकाशावर: जिथे माल उतरतो त्या तुकड्यांना कायमचा कमी वेग. रस्त्यावर: माल उतरवायच्या वेळा आणि जागा. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा, कारण त्यासाठी दुकानदारांशी बोलावं लागतं. दुकानदाराचा माल सकाळी साडेदहापर्यंत उतरत असेल तर शटलची पहिली फेरी अकराला ठेवणं यात तंत्रज्ञान काहीच नाही, पण असले अपघात त्यानेच सर्वांत जास्त टळतात. दुकानदारांना आधी विचारलं तर ते वेळा सांगतात. प्रयोग जाहीर झाल्यावर विचारलं तर ते तक्रार सांगतात, आणि तीही खरीच असते.

अटेंडंट नावाचा माणूस

प्रत्येक बसमध्ये एक अटेंडंट, म्हणजे दोन बसना दोन माणसं, वर सुट्ट्यांचे बदली आणि एक देखरेखवाला. पैशाच्या बाजूने पाहिलं तर पगार वाचला असं अजिबात नाही. दीड किलोमीटरची फेरी, थांबे धरून वीस मिनिटांची मानली, तर दोन बसमधून दर दहा मिनिटांनी एक फेरी, तासाला सहा, आणि एका फेरीत जागा एकदाच भरल्या तर तासाला ६६ माणसं. तेवढ्याच पगारात दोन चालक साध्या मिनीबस चालवून याच्या दुपटीहून जास्त माणसं नेतील. म्हणून चालकाचा खर्च वाचेल या आशेवर अशा प्रयोगाचा प्रस्ताव मांडू नये. ज्या गल्लीत मोठी बस शिरत नाही आणि जिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाचशे मीटर जड जातात, तिथली गरज पुरवायची असेल तर ते खरं कारण आहे, आणि तेच प्रस्तावात लिहावं.

अटेंडंटसाठी एक छोटा कंट्रोलर असतो, खेळाच्या यंत्राला असतो तसा. रेषेवर खुर्ची आली, व्हॅन आडवी लागली, की गाडी हाताने काढायची ती यावरून. हा कंट्रोलर कुठे ठेवायचा, याचं उत्तर ८ नोव्हेंबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये मिळालं. त्याच जातीची शटल, सेवेचा पहिलाच दिवस. समोर एक ट्रक गल्लीत मागे घेत होता. शटलने त्याला बरोबर ओळखलं, वेग उतरवला, सुमारे तीन मीटर अंतर ठेवून थांबली. ट्रक मागे येतच राहिला आणि धडकला. आत सात प्रवासी आणि अटेंडंट. अटेंडंटने थांबायचं बटण दाबलं होतं, पण मागे घ्यायचं किंवा हॉर्न वाजवायचं तर कंट्रोलर हातात हवा, आणि तो बंद कप्प्यात ठेवलेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य दोष ट्रकचालकाचा धरला, आणि कंट्रोलर हाताशी नसणं हे त्याला जोडलेलं कारण ठरवलं.

यातून निघणारा साधा नियम: गाडी हलत असताना कंट्रोलर गळ्यात किंवा हातात. हॉर्नचं वेगळं बटण भिंतीवर, दोन्ही टोकांना. आणि मागे घेण्याचा सराव दर आठवड्याला. हे शेवटचं विसरलं जातं. महिनाभर गाडी स्वतःच चालली की हाताची सवय मोडते, आणि ज्या क्षणी हाताने चालवायची वेळ येते तो क्षण नेमका अवघड असतो.

टोकियोत हेच उलट बाजूने दिसलं. २६ ऑगस्ट २०२१, पॅरालिम्पिकचं खेळाडूंचं गाव, टोयोटाची ई-पॅलेट ही स्वयंचलित बस. नाक्यावर उजवीकडे वळताना तिथला मार्गदर्शक दिसला म्हणून गाडी आपोआप थांबली. आतल्या माणसाने आजूबाजूला पाहून ती हाताने पुढे सोडली. ताशी एक-दोन किलोमीटरच्या वेगाने ती रस्ता ओलांडणाऱ्या एका दृष्टिहीन ज्युदोपटूला लागली. यंत्राचा ब्रेकही लागला होता आणि माणसाचाही, तरी गाडी पूर्ण थांबायच्या आत स्पर्श झाला. तो खेळाडू स्पर्धेत उतरू शकला नाही. कित्येक वर्षांची तयारी गेली, वेग चालणाऱ्या माणसाहून कमी असताना. ३१ ऑगस्टला गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा नाक्यांवरचे मार्गदर्शक ६ वरून वीसच्या पुढे नेले होते, गाडीतली माणसं वाढवली होती, हाताने चालवतानाचा वेग आतल्या माणसाच्या ताब्यात दिला होता आणि इशाऱ्याचा आवाज मोठा केला होता.

यातून मार्ग आखताना एक गोष्ट उचलावी. धोक्याची जागा म्हणजे यंत्र चालवतंय ती किंवा माणूस चालवतोय ती, यापेक्षा दोघांमध्ये ताबा बदलतो ती. अटेंडंट कुठे आणि किती वेळा गाडी हातात घेतो याची नोंद ठेवली तर एक नकाशा तयार होतो. एकाच कोपऱ्यावर आठवड्यात दहादा ताबा बदलत असेल तर तो कोपरा मार्गातून काढा किंवा तिथली अडचण रस्त्यावरून काढा. अटेंडंटला जास्त सावध राहायला सांगून काही होत नाही.

रस्त्यावरची माणसं

पहिल्या आठवड्यांत लोक मुद्दाम पुढे पाय टाकून बघतात, गाडी थांबते का ते. मुलं तर हमखास. ते ओसरतं. न ओसरणारी अडचण वेगळी आणि रोजची: गाडीच्या पुढे, त्याच दिशेने, आपल्याच नादात चालणारा माणूस. त्याला मागची गाडी ऐकू येत नाही, कारण विजेवरची आहे. गाडी त्याच्या मागे ताशी चार किलोमीटरने चालत राहते. हॉर्न वाजवला तर तो दचकतो आणि पादचारी भागात आपल्यालाच हटकलं म्हणून रागावतो, आणि ते बरोबरच आहे. मंद घंटी, चालत्या गाडीचा सतत येणारा हलका आवाज आणि दारातून अटेंडंटचा शब्द, यांतला शब्द सर्वांत चांगला चालतो.

पुढे सियोंचा मार्ग जुन्या गावाबाहेर, रेल्वे स्थानकाच्या दिशेने वाढवायचं ठरलं. तिथे प्रश्न बदलतात: मागून येणाऱ्या मोटारींना २० चा वेग सोसवत नाही, त्या ओलांडून पुढे घुसतात आणि घुसताना गाडीच्या पुढ्यात येतात, म्हणजे पुन्हा जोराचा ब्रेक. सिग्नलचा रंग कॅमेऱ्याने ओळखण्यापेक्षा सिग्नलच्या पेटीतून रेडिओने गाडीला कळवणं भरवशाचं, पण त्यासाठी पेटी बदलावी लागते आणि तो खर्च गावाच्या खात्यावर येतो.

जुन्या गावात मात्र सर्वांत कठीण गाठ आहे ती ज्यांनी हा भाग वाहनं नसतात म्हणूनच निवडला आहे त्यांची. पांढरी काठी घेऊन चालणारे लोक भिंतीच्या कडेने जातात, कारण कड हीच त्यांची रेषा. शटलची रेषा त्याच कडेपासून अर्ध्या मीटरवर आखली तर ती त्यांच्या वाटेवरच आखली. म्हणून थांबे आणि रेषा पक्क्या करण्याआधी दृष्टिहीन आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसांना घेऊन पूर्ण मार्ग दोनदा चालावा: एकदा गाडीविना, ती कुठून चालतात ते खडूने जमिनीवर उमटवत, आणि एकदा रिकामी गाडी ताशी चार किलोमीटरने शेजारून नेत, ती त्यांना किती मीटरवर ऐकू येते ते मोजत. बाजाराच्या दिवशी हे माप पुन्हा घ्यावं, कारण गलबल्यात ते निम्म्यावर येतं. पाच मीटरच्या आत ऐकू येत असेल तर त्या तुकड्यात गाडी माणसाच्या चालीनेच न्यायची आणि अटेंडंटने दाराशी उभं राहायचं.